रक्तातील बखर

मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करणाऱ्या पिढीने एक वाद मोठ्या ईर्ष्येने लढविला होता, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. बखर खरी की पत्र खरे, असा तो वाद. बखर ही घटना होऊन गेल्यावर, कित्येकदा दोन-दोन पिढ्या लोटल्यावर, आठवणीवरून लिहिलेली. तिच्यात सनांची गल्लत, नावांचे घोटाळे आणि धन्याविषयीची निष्ठा ही सारी यावयाचीच. पत्र मात्र त्या दिवशी, त्या कामासाठी लिहिलेले. म्हणून राजवाड्यांनी पत्राचा कैवार घेतला. पण पत्रे जेथे मिळतच नाहीत तेथे काय करावे? तेथे बखरीलाच शरण जावे लागते आणि तिच्यातले खरे-खोटे पारखून घ्यावे लागते.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वैद्यकशास्त्राचा आहे. परंतु श्रोतेहो, तेथेही हाच वाद गेली शंभर वर्षे चालू आहे. विषाणूची महासाथ येते तेव्हा दोन प्रकारच्या चाचण्या केल्या जातात. एकीत रोग्याच्या नाकातील वा घशातील स्रावात खुद्द विषाणूच सापडतो काय, हे पाहतात. दुसरीत त्या विषाणूशी झुंजताना शरीराने निर्माण केलेली द्रव्ये, ज्यांना आपण प्रतिपिंडे म्हणतो, ती रक्तात आहेत काय, हे पाहतात. पहिली चाचणी म्हणजे समकालीन पत्र. दुसरी म्हणजे बखर. २०२० सालच्या करोनाच्या साथीत ह्या दोन्ही चाचण्यांची नावे चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. परंतु महासाथीचा शोध रक्तावरून कसा घ्यावा, हे मनुष्य शिकला तो दुसऱ्याच एका रोगापासून. तो रोग इन्फ्लुएन्झा. आपल्या पणज्यांच्या तोंडची मानमोडी.

१९१८ च्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. हा हिवताप नव्हे, एवढेच डॉक्टरांना कळले. पहिली लाट पुष्कळांस आजारी पाडून ओसरली. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी आली ती मात्र काळासारखी. हिंदुस्थानात ह्या साथीने किती माणसे नेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत जातात. हे अंदाज एवढे सैल का, याचे एक कारण आपल्या विषयातच आहे. कोण कशाने मेला हे ठरविण्याचे कोणतेच साधन त्या वेळी हाताशी नव्हते. गावच्या नोंदवहीत ‘ताप’ एवढाच शब्द पडला.

साधन नव्हते असे म्हटले, ते संपूर्ण खरे नाही. एक साधन होते, आणि ते चुकीचे होते. कॉखचा शिष्य रिचर्ड फायफर याने १८९२ साली बर्लिन येथे जाहीर केले होते की, १८८९-९० च्या साथीतील रोग्यांच्या थुंकीत त्याला एक सूक्ष्म जंतू सापडला आहे आणि तोच इन्फ्लुएन्झाचे कारण होय. कॉखच्या घराण्याचा शब्द म्हणजे त्या काळी वेदवाक्य. १९१८ मध्ये साऱ्या जगातील प्रयोगशाळा फायफरचा जंतू शोधू लागल्या. काहींना तो सापडला, काहींना सापडला नाही, काहींना निरोगी माणसाच्या घशातही सापडला. ज्यांना सापडला नाही त्यांच्या निष्कर्षाकडे पाहून ‘जंतूच नसेल’ असे फार थोड्यांच्या मनात आले. ‘तुमचा हात बसलेला नाही, तुमचे खाद्यमाध्यम बरोबर नाही’ असेच बहुधा म्हटले गेले. तो जंतू वाढविणे खरोखरच नाजूक काम होते, त्यामुळे हा आक्षेप पटण्यासारखाही होता. त्या जंतूपासून लसी सिद्ध झाल्या, हजारोंस टोचल्या गेल्या, आणि साथ आपल्या गतीने चालत राहिली. कसोटी कितीही काळजीने केली तरी आरोपीच चुकीचा धरला असेल तर तिचा उपयोग काय? मौज अशी की, तो जंतू अद्यापही शास्त्रीय परिभाषेत इन्फ्लुएन्झाचेच नाव मिरवितो, आणि स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवांपैकी ज्याचा संपूर्ण जनुकपाठ सर्वप्रथम, १९९५ साली, वाचला गेला तो हाच. तो काही निरुपद्रवी नव्हे. लहान मुलांत मेंदूच्या आवरणाचा दाह तो करतो. फक्त मानमोडीचा गुन्हा त्याचा नव्हता.

खरा गुन्हेगार जंतू अडविणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतूनही निसटण्याइतका सूक्ष्म असावा, अशी शंका काहींना १९१८ मध्येच आली होती. पण ती सिद्ध कशी करावी? बोस्टन बंदरातील गॅलप्स बेटावर अमेरिकन आरमाराच्या साठांहून अधिक कैदी खलाशांवर प्रयोग झाले. शिक्षेतून सुटका होईल या आशेने ते तयार झाले होते. रोग्यांचे स्राव त्यांच्या नाकात, घशात घालण्यात आले. आजाऱ्यांनी त्यांच्या तोंडावर खोकावे अशीही व्यवस्था झाली. एकालाही इन्फ्लुएन्झा झाला नाही! कदाचित ह्यातील बऱ्याच जणांना तो पूर्वीच होऊन गेला असेल. परंतु त्यांच्या रक्तास तसे विचारण्याची विद्या त्या वेळी कोणाजवळच नव्हती.

ती विद्या आली डुकरे आणि फेरेट ह्या दोन प्राण्यांच्या वाटेने. रिचर्ड शोप ह्या अमेरिकन संशोधकाने आयोवा प्रांतातील डुकरांच्या तापाचा पाठपुरावा केला आणि तो गाळणीतून जाणाऱ्या विषाणूपासून होतो हे १९३१ साली दाखविले. दोन वर्षांनी, १९३३ च्या आरंभी, लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली असता विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी रोग्याच्या गुळण्यांचे पाणी गाळून फेरेटच्या नाकात सोडले. फेरेट हा आपल्याकडे न आढळणारा, मुंगसाच्या बांध्याचा लांबोळा प्राणी. तोच का निवडला, याचे उत्तर फार साधे आहे. लेडलॉ त्यापूर्वी कुत्र्यांच्या डिस्टेंपर नावाच्या रोगावर काम करीत असल्यामुळे मिल हिल येथे फेरेट पाळलेले होते. दोन दिवसांत ते प्राणी शिंकू लागले, त्यांची नाके गळू लागली, अंगे तापली. रोग बाहेरून येऊ नये म्हणून त्यांची देखभाल करणारी माणसे जंतुनाशकात धुतलेले रबरी कोट आणि बूट घालून आत जात. पुढे १९३६ मध्ये अशाच एका आजारी फेरेटने तपासणाऱ्या डॉक्टराच्या तोंडावर शिंक दिली आणि दोन दिवसांत डॉक्टर अंथरुणाला खिळला. कैदी खलाशांवरील एवढ्या खटपटीने जे सिद्ध झाले नाही ते एका शिंकेने झाले.

मात्र ह्या तिघांच्या कामातील जो भाग आपल्याला हवा आहे तो शिंकेहून शांत आहे. इन्फ्लुएन्झातून बऱ्या झालेल्या माणसाचे रक्त घेऊन गोठू दिले, तर वर पिवळसर द्रव राहतो. त्याला रक्तरस म्हणतात. हा रक्तरस विषाणूंत मिसळून फेरेटच्या नाकात सोडला, तर फेरेट आजारी पडत नाही. म्हणजे त्या रसात विषाणूला निष्प्रभ करणारे काही आहे. हा प्रयोग उलट बाजूने वाचला की चाचणी तयार होते. कोणाही माणसाचा रक्तरस घ्या. त्याने विषाणू निष्प्रभ झाला, तर त्या माणसाची आणि ह्या विषाणूची पूर्वी कधीतरी गाठ पडली होती असे समजा. फेरेट महाग, पण १९३४ मध्ये हा विषाणू उंदरात वाढविता येऊ लागला आणि शेकडो रक्तरस तपासणे आवाक्यात आले.

मग लंडनला आणि अमेरिकेत शोपने, वेगवेगळ्या वयांच्या माणसांचे रक्तरस डुकराच्या विषाणूपुढे ठेवून पाहिले. थोर माणसांच्या रक्ताने तो विषाणू निष्प्रभ केला. महासाथीनंतर बऱ्याच काळाने जन्मलेल्या मुलांच्या रक्ताने केला नाही. ह्या प्रौढ माणसांना डुकरांचा सहवास होता असे मुळीच नव्हे. तेव्हा निष्कर्ष एकच निघत होता: १९१८ साली जो विषाणू माणसांत पसरला तो ह्या डुकराच्या विषाणूचा सख्खा भाऊ असावा आणि तो माणसांतून नाहीसा झाला तरी डुकरांत टिकून राहिला असावा. १९१८ चा विषाणू कोणीही डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. जगलेल्यांच्या रक्तातून तो असा ओळखला गेला. माझ्या मते साथींच्या इतिहासातील हा एक अत्यंत सुंदर शोध होय.

पुढचा टप्पा १९४१ चा. न्यूयॉर्क येथे जॉर्ज हर्स्ट हा संशोधक कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवीत असता, विषाणूयुक्त द्रवात गर्भाचे रक्त सांडले आणि त्यातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होऊ लागल्या. टोरोंटो येथेही त्याच वर्षी दोघा संशोधकांना स्वतंत्रपणे हेच दिसले. ह्यावरून जी चाचणी निघाली तिला लागणारी सामग्री अगदी बेताची: काचेच्या लहान नळ्या, कोंबडीच्या रक्तपेशी आणि नीट मापणारा हात. नळीत नुसत्या पेशी असतील तर त्या तळाशी जाऊन एक तांबडे बटण होते. विषाणू असेल तर पेशींची जाळी विणली जाऊन ती तळभर पातळ पसरते. आता विषाणूत आधी रोग्याचा रक्तरस घातला आणि त्यात प्रतिपिंडे असली, तर विषाणूचे हात बांधले जातात आणि पुन्हा बटण दिसते. रक्तरस दहापट पातळ करून पाहावयाचा, मग वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट. बटण कोणत्या नळीपर्यंत दिसते तो त्या रक्ताचा अंक. आजाराच्या पहिल्या दिवसांत एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यावयाचे. अंक चौपट वाढला तर रोग इन्फ्लुएन्झाच होता असे म्हणता येते.

ह्यातील उणीव चाणाक्ष श्रोत्याच्या लक्षात आलीच असेल. निदान हाती यावयाच्या आत रोगी एक तर बरा होऊन कामावर गेलेला असतो किंवा जगातून गेलेला असतो! उपचार करणाऱ्या वैद्याला ही चाचणी फारशी कामाची नाही; ती इतिहासकाराची चाचणी आहे. तिच्यातही बखरीचे दोष होतेच. प्रतिपिंडे मुळीच नसलेल्या काही रक्तांतही विषाणूला अडविणारे दुसरेच पदार्थ असतात आणि खोटेच बटण दिसते. पटकीच्या जंतूपासून मिळणाऱ्या एका विकराने ते पदार्थ आधी नष्ट करावे लागतात, हे १९४० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शोधून काढले. त्यापूर्वीच्या कित्येक आकड्यांवर त्यामुळे प्रश्नचिन्ह लागले.

१९५७ च्या एप्रिलमध्ये मॉरिस हिलेमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने वर्तमानपत्रात हाँगकाँगची बातमी वाचली. तेथे दवाखान्यांपुढे हजारोंच्या रांगा लागल्या होत्या आणि आयांच्या पाठीवरील मुलांचे डोळे तापाने काचेसारखे झाले होते. त्याने जपानमधील लष्करी प्रयोगशाळेमार्फत रोग्याचे नमुने मागविले आणि त्यातील विषाणू शेकडो लोकांच्या रक्तरसापुढे ठेवला. कोणाच्याच रक्ताला त्याची ओळख नव्हती. ह्याचा अर्थ भयंकर होता; जवळजवळ सारे जग उघडे पडले होते. मे महिन्यात तो आजार सिंगापूरहून आलेल्या जहाजातून मद्रास बंदरात उतरला. त्या महासाथीत जगभर सुमारे ११ लाख माणसे दगावली असे मानतात.

कोणाच्याच रक्ताला ओळख नव्हती असे मी म्हटले. त्याला एक अपवाद होता. सत्तरी ओलांडलेल्या काही वृद्धांच्या रक्ताने हा नवा विषाणू ओळखला. अमेरिकेत हे आढळले आणि हॉलंडमध्ये लायडन येथील मुल्डर व मासुरेल यांनी ते १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. ह्या आजी-आजोबांचे रक्त साथ येण्यापूर्वीच काढून ठेवलेले होते. मग त्यांना ही ओळख कोठून मिळाली? त्यांचे बालपण किंवा तारुण्य १८८९-९० च्या साथीतून गेलेले होते. म्हणजे ज्या साथीत फायफरने चुकीचा जंतू पकडला, तिचा विषाणू १९५७ च्या विषाणूच्या गोतातला होता, असे अनुमान निघाले. सदुसष्ट वर्षांपूर्वीचा ताप रक्तात जसाच्या तसा नोंदलेला!

एवढ्यावर गोष्ट संपती तर फार बरे झाले असते. परंतु १९६८ साली हाँगकाँगहून पुन्हा एक नवा विषाणू निघाला. मासुरेलने १९५७ पूर्वी साठवलेले रक्तरस त्याच्यापुढे ठेवले, तो काय? एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या वृद्धांचे रक्त ह्यालाही ओळखत होते. आता १८८९ चा मान कोणत्या विषाणूला द्यावयाचा? काहींनी दोहोंना शेजारी-शेजारी बसविले: एक १८८९ चा, दुसरा त्यानंतर दशकभराने आलेला. काही विद्वान पहिला रद्द करून दुसराच खरा मानतात. बखरींत परस्परविरोध आला की इतिहासकारांचे जे होते तेच येथे झाले. थॉमस फ्रान्सिस याने १९६० मध्ये मांडलेला एक विचार येथे उपयोगी पडतो. मनुष्याचे रक्त बालपणी भेटलेल्या पहिल्या विषाणूची आठवण सर्वांत घट्ट धरून ठेवते, आणि पुढे नवा विषाणू आला तरी प्रतिपिंडे बनविते ती बहुतांशी त्या पहिल्याच्या घाटाची. बखरकार पहिल्या धन्याला विसरत नाही, असे म्हणा ना!

शोपची बखर मात्र खरी ठरली. १९१८ मध्ये मेलेल्या सैनिकांच्या फुप्फुसांचे मेणात जपलेले तुकडे आणि अलास्कातील गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीचा देह, यांतून त्या विषाणूचा संपूर्ण जनुकपाठ २००५ पर्यंत जुळविण्यात आला. मूळ पत्रच सापडले म्हणावयाचे. तो विषाणू डुकराच्या विषाणूच्याच कुळातील निघाला. आणि २००८ मध्ये, १९१५ साली किंवा त्यापूर्वी जन्मलेल्या ३२ वृद्धांचे रक्त त्या पुनरुज्जीवित विषाणूपुढे ठेवले असता बत्तीसच्या बत्तीस रक्तांनी तो ओळखला. नव्वद वर्षे झाली होती.

आता २०२० कडे वळू. चीनमधील नव्या विषाणूचा जनुकपाठ जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जाहीर झाला आणि थोड्याच दिवसांत बर्लिनच्या प्रयोगशाळेने पीसीआर चाचणीचा आराखडा जगापुढे ठेवला. ३० जानेवारीला केरळातील पहिल्या भारतीय रोग्याचे निदान झाले, ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत. ज्या बर्लिनमध्ये १८९२ साली आरोपी चुकला, तेथेच ह्या खेपेस त्याचा माग अचूक लागला, हा योगायोग मला उल्लेखनीय वाटतो. पीसीआर ही पत्राची विद्या आहे. विषाणूच्या जनुकाचा ठराविक तुकडा स्रावात असेल तर त्याच्या प्रती दुप्पट, चौपट, आठपट अशा वाढवीत न्यावयाच्या. तिसाव्या फेरीला एकाच्या शंभर कोटी होतात. मात्र पत्र जळून गेल्यावर ते सापडत नाही. आजार सरला की नाकात काही उरत नाही, आणि किती जणांस तो नकळत होऊन गेला हे ह्या चाचणीला सांगता येत नाही.

म्हणून बखरकार पुन्हा बोलावला गेला, आणि त्याच्यापासून नको ती अपेक्षा केली गेली. एप्रिल २०२० मध्ये बोटाच्या थेंबावरून प्रतिपिंडे दाखविणारे झटपट संच चीनहून आले. राज्याराज्यांतून त्यांचे निकाल विसंगत येऊ लागले आणि महिना संपण्याच्या आत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ते परत करावयास सांगितले. संच सदोष होते हे खरेच. परंतु आजाराच्या पहिल्या आठवड्यात रक्तात प्रतिपिंडे सहसा नसतातच, हेही तितकेच खरे. शिवाय येथे एक साधा हिशेब आड येतो. हजार माणसांत दहा जणांनाच रोग होऊन गेला आहे आणि चाचणी शंभरांत पाच वेळा चुकते, असे धरा. दहांपैकी बहुतेक सापडतील. पण उरलेल्या ९९० पैकी सुमारे पन्नास निरपराधही पकडले जातील. होकार आलेल्या सहांत एकच खरा! परिषदेच्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीत, मे-जून २०२० मध्ये, २८,००० लोकांचे रक्त पुण्याच्या संस्थेनेच सिद्ध केलेल्या चाचणीने तपासले, तेव्हा होकारार्थी नमुने दुसऱ्या चाचणीने पुन्हा पारखण्यात आले, ते ह्याच कारणासाठी. त्या पाहणीत प्रमाण ०.७३ टक्के निघाले. पुढे जुलैमध्ये मुंबईच्या तीन विभागांत सुमारे ७,००० नमुने तपासले, तो झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के! एका रस्त्याच्या दोन बाजूंस दोन निराळ्या साथी चालल्या होत्या. रुग्णांच्या दैनंदिन याद्यांतून हे कधीच दिसले नव्हते. हैदराबादेत २०२१ च्या आरंभी केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्यांतील बहुतेकांना आपण आजारी होतो याचा पत्ताही नव्हता.

बखर येथवर खरे बोलली. तिच्यावरून भविष्य वाचू पाहिले तेथे घात झाला. दिल्लीतील जानेवारी २०२१ च्या पाहणीत ५६ टक्के लोकांत प्रतिपिंडे मिळाली आणि साथ आता संपत आली असे पुष्कळांनी बोलून दाखविले. एप्रिलमध्ये त्याच शहरात प्राणवायूसाठी लोक वणवण फिरत होते. तोवर विषाणूने रूप पालटले होते. रक्तातील नोंद जुन्या रूपाची होती.

१८८९ चा प्रश्न ह्या निमित्ताने पुन्हा निघाला आहे. माणसाला साधे पडसे आणणारा एक करोना विषाणू सुमारे १८९० च्या सुमारास गुरांतून माणसात आला असावा, असे गणित बेल्जियममधील संशोधकांनी २००५ सालीच मांडले होते. तेव्हा ती साथ इन्फ्लुएन्झाची नसून करोनाचीच नसेल कशावरून, असे काही जण विचारतात. तसे असेल तर लायडनच्या वृद्धांच्या रक्ताचे काय करावयाचे, हे त्यांनी सांगितले पाहिजे. ती साथ अंगावरून गेलेला एकही मनुष्य आज हयात नाही. १९१८ प्रमाणे एखाद्या जुन्या रुग्णालयाच्या संग्रहात त्या वर्षीच्या फुप्फुसाचा तुकडा मिळून त्यातून मूळ पत्र वाचता आले, तरच ह्या वादाचा निकाल लागेल.